मुरमाच्या रस्त्यावरची सारिका

सोमवार, १८ नोव्हेंबर १९९६

उशीर झाला म्हणून डांबरी रस्त्यानं गेले आणि उसाच्या ट्रॉलीनं मला सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत घातलं. कोपर सोललं. ड्रायव्हरनं वळूनसुद्धा बघितलं नाही, त्याचा टेप जोरात चालू. कारखाने सुरू झाले की बारामती-इंदापूर रस्ता माणसांचा राहतच नाही.

राजलक्ष्मीनं प्रॅक्टिकलच्या आधी कोपर धुऊन दिलं आणि वर बोलणीही खायला घातली. "तुला किती येळा सांगितलं, पाटानंच यायचं म्हणून?"

खरंय तिचं. पाटाच्या भरावावरचा मुरमाचा रस्ता आम्हा दोघींचाच आहे. तोंडाशी मोठे दगड रोवलेत, त्यामुळं ट्रॅक्टर नाही, जीप नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, चाकाखाली करकर. ती इंदापूर तालुक्याच्या हद्दीवरच्या मळ्यातून येते, मी पिंपळीच्या पुलावर तिला गाठते. बी.एस्सी.चं तिसरं वर्ष चाललंय आमचं. अभ्यास वर्गात कमी आणि मुरमावर जास्त झालाय.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

रविवारी नीरा नदीवर जायचं नक्की! डांबराला चाक लावायचं नाही, ही राजलक्ष्मीची अट. आधी पाटानं, मग गाडीवाटेनं खाली नदीपर्यंत. पलीकडं दुसरा जिल्हा. इतक्या जवळ राहून मी तो काठ कधी पाहिलेला नाही.

तिच्या आईनं माझ्यासाठी परत लोणच्याची बरणी दिली. मी गोजरबाईंना कधी बघितलं नाही, पण मला लिंबाचं आवडतं हे त्यांना पक्कं माहीत. आमच्या आईला याचं फार कौतुक. "मळेवाली माणसं, पर मन मोठं हाय," म्हणाली.

बारामती जवळ आली की राजलक्ष्मी नेहमीसारखी पुढं सटकते, मी थोडं थांबून मागनं. "दोघी संगं दिसलो की पोरं मागं लागत्यात." पोरं काय, एकटीच्याही मागं लागतात. पण ऐकते मी तिचं.

रविवार, २४ नोव्हेंबर

कसं लिहू? सरळच लिहिते.

सकाळ इतकी छान होती. पाटाला पाणी सोडलेलं, गारवा, एकही गाडी नाही. गाडीवाटेवर फुफाटा होता, तिथं सायकली हातानं ढकलल्या आणि हसून हसून पोट दुखलं. नदीवर दगडावर बसून जेवलो. तिनं माझ्या डब्यातली भाकरी खाल्ली, मी तिची चपाती. पलीकडच्या काठावर एक बाई म्हशी धूत होती. राजलक्ष्मीनं हाक मारून विचारलं, "मावशी, कुठला जिल्हा?" ती म्हणाली, "सोलापूर की गं बायांनो!" एवढ्यावरही आम्ही हसलो.

तेवढ्यात मागून राजलक्ष्मीची आत्या आली. ठमाबाई. तिचं शेत तिथंच नदीला लागून आहे, हे मला माहीत नव्हतं. आत्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोंडभर हसून म्हणाली, "हीच का सारिका? जगतापांची?"

मला वाटलं, आत्याची काहीतरी गल्लत झाली. मी सारिका नाही, हे सांगायला तोंड उघडलं. आणि राजलक्ष्मी म्हणाली, "व्हय आत्या. हीच सारिका."

पटकन म्हणाली. अडखळली नाही. खूप वेळा म्हणून झालेलं असावं तसं.

आत्यानं घरात नेलं, थेट चुलीपाशी बसवलं, चहा दिला. "कुठल्या जगतापांपैकी?" तर राजलक्ष्मीच म्हणाली, "पुरंदरकडचे." निघताना आत्यानं माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं. आमच्यात नाही लावत. मी मान पुढं केली. दुसरं काय करणार होते!

पाटावर आल्यावर मी उतरून पाण्यानं कपाळ खसाखसा धुतलं. ती सायकल धरून उभी राहिली. 

सोमवार, २५ नोव्हेंबर

पुलावर तिला धरलंच. कधीपासून, विचारलं.

"एफ.वाय.पासनं." खाली बघून.

म्हणजे पहिल्या वर्षापासून तिच्या घरात मी सारिका जगताप आहे. त्यांच्या जेवणात, गप्पांत, दिवाळीच्या फराळाच्या डब्यावर, सगळीकडं सारिका. प्रियदर्शनी साळवे नावाची बौद्धाची पोरगी त्या घरात कधी गेलीच नाही.

"खरं सांगितलं असतं तर दादांनी सायकलच बंद केली आसती. सायकल गेली की कालिज गेलं. आपल्या दोघींसाठीच केलं गं मी."

आपल्या दोघींसाठी! मी म्हणाले, माझ्यासाठी काही करू नकोस, माझं नाव माझ्या बापानं मला दिलंय.

आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. पाटाचा रस्ता हिला का आवडतो! गाड्या नसतात म्हणून नव्हे. माणसं नसतात म्हणून. माझ्याबरोबर कुणी बघणारं नाही म्हणून. बारामती आली की पुढं सटकणं, पोरांचं निमित्त... मी किती बावळट. इतकी वर्षं मी तिला ट्रॅक्टरला घाबरणारी समजत होते.

लोणचंही माझं नव्हतंच. सारिकाचं होतं. मी आपलं खात होते.

बुधवार, २७ नोव्हेंबर

डांबरीनं जाते आता. ट्रॉल्या गेल्या चुलीत.

शनिवार, ३० नोव्हेंबर

लॅबमध्ये ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी टेबल बदललं. ती ब्युरेट हातात धरून तिथंच उभी राहिली. राहू दे उभी. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचाच राग आला.

आप्पांनी आज विचारलंच, "डांबरीनं का जातीस? मरायचंय का?" आप्पा एस.टी.च्या डेपोत आहेत, रोज रस्त्यावरचे अपघात ऐकतात. मग सगळं सांगून टाकलं. वाटलं, चिडतील, राजलक्ष्मीच्या घरी जायला उठतील. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "मग तितं तू काय म्हणालीस?"

मी काहीच म्हणाले नव्हते. चहा प्याले होते.

आप्पा "बरं" म्हणाले आणि पेपर उघडला. यापेक्षा दोन फटके दिले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ६ डिसेंबर

आप्पा आणि आई मुंबईला गेलेत. मी परीक्षेचं कारण सांगून राहिले. सकाळी विहारात जाऊन आले, मेणबत्ती लावली. तिथं उभी असतानाच ठरवलं. रविवारी राजलक्ष्मीच्या घरी जायचं. बरणी परत करायची आणि नाव सांगायचं. माझ्या तोंडानं, मोठ्यानं.

रविवार, ८ डिसेंबर

जाऊन आले. 

पाटानं एकटीच गेले. मळ्यात ओट्यावर तिचे वडील, सर्जेरावदादा, चहा पीत बसलेले. गोजरबाई ज्वारी पाखडत होत्या. राजलक्ष्मी दारात आली, मला बघितलं आणि जागच्या जागी थिजली. मी सायकलवरून उतरले, बरणी गोजरबाईंपुढं ठेवली आणि म्हणाले, "मी सारिका नाही. मी प्रियदर्शनी भानुदास साळवे. पिंपळीच्या विहारामागं राहते. लोणचं चांगलं होतं."

पाठ केलं होतं. एकदाही अडखळले नाही.

सर्जेरावांनी बशी खाली ठेवली.  मी सायकल वळवली. मला वाटलं होतं, फार हलकं वाटेल. वाटलंही, मळ्याच्या बांधापर्यंत.

बांधावर गोजरबाई मागनं चालत आल्या. भांडायला आल्या म्हणून मी तयार झाले. तर हळू आवाजात म्हणाल्या, "ठाऊक हुतं गं मला. हिच्यासंगं पाटावर बघितलंय तुला, आन तुझ्या आईसंगं बाजारात बी. लोणचं मी तुलाच धाडत हुते. म्हाईत आसून न्हाय म्हटलं की चालत हुतं घरात. आता तू त्येंच्या म्होरं बोललीस. आता मला म्हाईत न्हाय आसं म्हनता यायचं न्हाय."

 मी म्हणाले, "मला माझं नाव सांगायचं होतं."

"व्हय बाळा," म्हणाल्या. "जा आता. उनं व्हत्याल."

मी चुकले नाही. हे परत लिहिते. मी चुकले नाही. फसवलं तिनं, मी नाही.

मंगळवार, १० डिसेंबर

राजलक्ष्मी आली नाही. कालही नव्हती. आली तरी मी बोलणार नव्हतेच.

शुक्रवार, १३ डिसेंबर

आमच्या वर्गातली रश्मी त्यांच्या शेजारच्या मळ्यात राहते, तिनं सांगितलं. राजलक्ष्मीचं कॉलेज बंद. तसे दादा तिला कॉलेजला पाठवायला तयार होते, एका अटीवर. त्यांनी एवढंच म्हणायला सांगितलं होतं, की मला ठाऊक नव्हतं, त्या पोरीनं खोटं नाव सांगून मला फसवलं. सगळ्या भावकीसमोर. म्हण, आणि उद्यापासून जा कॉलेजला. ती म्हणाली, "तिनं न्हाय फसवलं. मीच तिचं नाव चोरलं. ती प्रियदर्शनी हाय, माझी मैत्रीण हाय."