इंटरव्हलच्या आधीचं

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही, आणि टाइप करायला भयंकर वेळ लागतो. एकाच बोटाने करते. दुसऱ्याला चिकटपट्टी आहे, इस्त्रीच्या रोलरला लागलं, विशेष काही नाही. फोन का करत नाहीस असं तू विचारलंस. खोली एकच आहे आत्या. मी जे बोलेन ते बाबा ऐकणार. आणि मला तर नुसतं हॅलो म्हणायलाही लाज वाटते. लिहिलेलं बरं.

इकडचं सगळं तसंच. डॉक्टर म्हणतात कंबरेचं हाड जुळलंय, आता हालचाल करा. बाबा म्हणतात डॉक्टरची कंबर आहे का ती. वॉकर धरून मोरीपर्यंत जातात, येऊन भिंतीकडे तोंड करून पडतात. डेपोतले मोठे साहेब येऊन गेले. म्हणाले की बसखाली शिरून काम करणं आता विसरा, पण स्पेअर पार्टच्या खिडकीवर बसायची जागा रिकामी होतेय, ती घ्या. बाबांनी त्यांना चहा पाजला, आणि ते गेल्यावर मला म्हणाले की आख्खं इंजिन उघडणारा माणूस आता खिडकीतून नटबोल्ट वाटणार का.

मी ठीक. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मला आता चादरींच्या घड्यांवर टाकलंय. समोर एक मावशी असते. एक टोक तिचं, एक माझं. दिवसभर आम्ही एकमेकींकडे चालत जातो आणि मागे येतो. परवा म्हणे मी झोपेत बाबांचं पांघरूण ओढलं आणि त्याची घडी घातली.

आता तू विचारलंस ते. तुझ्याकडे येऊन राहायचं आणि संध्याकाळच्या शाळेतून दहावीला बसायचं. आत्या, मला यायचंय. हे फक्त तुला लिहितेय. बाबांना मी दोनदा विचारलं. ते नाही म्हणत नाहीत. हो पण म्हणत नाहीत. ते सिनेमा सांगतात.

कुठला ते तुला माहीतच असेल. त्यातली थोरली मुलगी शाळा सोडते, हसत हसत पुस्तकं धाकट्या भावाच्या हातात देते, सगळं घर सांभाळते, आणि शेवटी ती म्हातारी होऊन अंगणात आली की आख्खं घर उठून उभं राहतं. तिथे दर वेळी बाबांचा आवाज बसतो. मग म्हणतात तू पण तशीच गप्पू, तू पण हसत हसत सोडलीस. ते खरंय. बाबा पडले तेव्हा मी नववीत होते, आणि मी हसून म्हटलं होतं की बरं झालं, मला कंटाळाच आला होता शाळेचा. दुसरं काय म्हणणार होते?

म्हणून मी तो सिनेमा शोधायचा ठरवलाय. मावशी सांगत होती, तिने तिचा जुना आवडता सिनेमा परवा टीव्हीवर बघितला. हिरो सगळा वेळ पोरीच्या मागे मागे फिरतो आणि ती नाही म्हणते तरी गाणी म्हणतो. मावशीला तेव्हा तो फार आवडायचा, आता म्हणे त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. बाबांचा सिनेमाही आता बघितला तर तसाच निघेल. जरा हसू येईल, बाळबोध वाटेल. मग ते तो माझ्या अंगावर घालणार नाहीत. तुला त्याचं नाव आठवतं का?

लोभ आहे हे माहीत आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझी
गप्पू


९ फेब्रुवारी

चि. गप्पूस,
अनेक आशीर्वाद.

मी बोलतेय आणि फोन लिहितोय, तेव्हा चूक झाली तर त्याची. मागे दुकानदाराला कळवलं की युनिफॉर्मच्या दोनशे बाह्या तयार आहेत, तर याने लिहिलं दोनशे बाया तयार आहेत. तो माणूस अजून माझ्याकडे बघून हसतो.

बोटाला हळद नको लावत बसू, औषध लाव. हॉस्पिटलात काम करतेस ना?

सिनेमाचं नाव मला आठवतं, पण सांगणार नाही. कशाला उकरून काढतेस? जुना फ्रॉक कपाटात छान दिसतो, अंगात घालायला गेलं की काखेत उसवतो. मी सुद्धा तो पुन्हा बघितलेला नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा तरी कुठे आख्खा बघितला होता?

तुझ्या बापाने हे तुला कधी सांगितलंय का? आमच्याकडे तिकीट एकच होतं. तो नऊ वर्षांचा, मी सातवीतली, आणि तो तेव्हा माझ्या मागे मागे फिरायचा म्हणून मी त्याला शेपूट म्हणायची. आमचं ठरलं होतं, इंटरव्हलपर्यंत मी बसणार. इंटरव्हलला बाहेर येणाऱ्याला दारावरचा माणूस पुठ्ठ्याचा पास द्यायचा, तो मी शेपटाच्या हातात ठेवला आणि उरलेला सिनेमा त्याने बघितला. मी बाहेर सायकलींपाशी उभी. घरी येताना रस्त्यात मी त्याला पुढचं सांगितलं, म्हणजे आधीचं, आणि त्याने मला शेवटचं. त्याने त्या म्हातारीचं अंगणात येणं चालून दाखवलं, अगदी कंबरेवर हात ठेवून. रस्त्यातली माणसं बघत होती. तेव्हा तो सिनेमा माझा अर्धा आणि त्याचा अर्धा. त्याचा अर्धा चांगला आहे. तेवढ्यावर त्याला राहू दे.

आणि दाखवायचाच असेल तर इंटरव्हलनंतरचा दाखव.

त्याला म्हणावं, खिडकीत बसणाऱ्याला डोक्यावर पंखा असतो. शाळेत मी बोलून ठेवलंय. मार्च संपेपर्यंत नाव घालता येईल, पण घरच्यांचा होकार लागतो, माझा चालत नाही. तू ये. मला कॉलर उलटून द्यायला माणूस हवंच आहे.

आत्याचा जीव आहे तुझ्यावर, फोनने काय लिहिलं असेल ते असो.

तुझी
आत्या


१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
नमस्कार आणि वि. वि.

तुझं पत्र आलं तोवर बघून झाला होता. रागावू नकोस.

नाव नसलं तरी फोनला गाणं गुणगुणून दाखवलं की तो शोधून देतो असं मावशीने सांगितलं. लोकांसमोर मला काही ते जमणार नव्हतं, म्हणून चादरींच्या कोठीत जाऊन, दार लावून, बाबा नेहमी म्हणतात ते त्यातलं गाणं गुणगुणले. पहिल्यांदा त्याने बाळांना झोपवायचं गाणं दाखवलं. मग सापडला.

रविवारी पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन ठेवला. बाबा कुशीवर, मी खाली. सुरुवातीला इतकी मजा आली आत्या. आकाश रंगवलेलं, त्याला एका ठिकाणी चुणी पडलेली. हिरोचा टोप पळताना मागे राहतो की काय असं वाटत होतं. व्हिलन इतका वेळ हसला की बाबा म्हणाले याला कोणी पाणी द्या. बाबा स्वतः हसले, पोट धरून, आणि कंबर धरून आई गं म्हणाले, आणि पुन्हा हसले. किती महिन्यांनी. मला वाटलं झालं, काम झालं, हा सिनेमा आता काही टिकत नाही.

मग ते शाळेचं आलं.

ती हसत नाही आत्या. तिचा बाप तिचं दप्तर उंच खिळ्याला अडकवतो आणि ती पायाच्या बोटांवर उभी राहून हात पुरवायला बघते. रडते, बापाचा सदरा धरते, एक वर्ष फक्त, एवढंच म्हणते. मग ती गप्प होते. गाणं नाही, बाजा नाही. नुसती भांडी घासते आणि कॅमेरा तिच्यावरून हलतच नाही. आत्ताच्या सिनेमात असं कुणी इतका वेळ दाखवणार नाही.

बाबा म्हणाले की हे यात नव्हतं. म्हणाले ही दुसरी कॉपी आहे, नंतर कुणीतरी घुसडलंय, ताईने मला सगळं सांगितलं होतं, ती हसत हसत पुस्तकं देते. मी फोन मागे घेऊन परत लावला. परत तेच. पुस्तकं भावाला देते ती बापच.

मी म्हटलं बंद करू का. ते नाही म्हणाले. मग त्यांचा अर्धा आला. म्हातारी अंगणात येते, सगळे उभे राहतात. बाबा ती यायच्या आधीच उशीवर कोपर टेकून अर्धे उठले होते. मी त्यांच्याकडेच बघत होते. ते म्हणाले की ही इथे हसते, मला चांगलं आठवतं. मी नीट बघितलं. नाही हसत. ती कुणाकडे बघतच नाही, सरळ आत जाते.

फोनची स्क्रीन विझली तरी बाबा तिकडेच बघत होते. शेवटी त्यांनी मला विचारलं की तो सिनेमा बघितला तेव्हा ताई कितवीत होती. मला तेव्हा माहीत नव्हतं. आता तुझं पत्र वाचून कळलं सातवीत. त्यांना सांगू का?

सिनेमा टिकला आत्या. बाबांचा टिकला नाही. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. दमल्यासारखं झालंय नुसतं. दाखवायला नको होता का?

माझ्यावरचा राग फार दिवस ठेवू नकोस, एवढी विनंती.

तुझी
गप्पू


२० फेब्रुवारी

चि. गप्पूस,
खूप खूप आशीर्वाद.

राग कसला? मशीनची सुई तुटली आहे, ती बदलेपर्यंत बोलून घेते.

मी सांगितला तोच सिनेमा चांगला होता. अजून माझं तेच म्हणणं आहे. नऊ वर्षांच्या पोराला भर रस्त्यात काय सांगणार होते? तिकिटाला पैसे आमच्या वडिलांनी दिले होते, मला एकटीला, आणि वडील असे उगाच पैसे देणारे नव्हते. सकाळीच मला सांगून झालं होतं. घरी पोचलो की शेपटाला कळणारच होतं, उद्यापासून शाळेचा डबा एकच भरायचा. तर तेवढा रस्ता तरी त्याला सुखाने चालू द्यावा. पडद्यावर ती पोर खिळ्यापाशी उड्या मारत होती तेव्हा मला वाटलं आपल्या घरचं यांना कुणी कळवलं. मग बाहेर येऊन मी ती हसवली. मला हसवता आली. मला त्यात बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तो इतकी वर्षं ते खरं धरून बसला, त्याला मी काय करणार? माझ्याशी तो त्या सिनेमाचं कधी बोलला नाही. मीही काढला नाही.

त्याला सांग सातवीत. आणि सांग की मी काही रागावले नव्हते. नाहीतर राहू दे, ते नको सांगू. रागावले होते. त्याच्यावर नाही, पण तो रोज दप्तर घेऊन निघायचा तेव्हा मी मागच्या दाराने पाणी आणायला जायची. सगळं आयुष्य शाळेचे युनिफॉर्म शिवले बघ. लोक म्हणतात हात काय साफ आहे.

तुझ्या येण्याचं मात्र मी त्याला विचारणार नाही. ते तुझं तू विचार, आणि या वेळी हसून विचारू नकोस.

सुई बसली.

प्रेम आहेच, शिलाईत धरलंय.

तुझी
आत्या


२ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार. वि. वि. म्हणजे पुढे सगळं.

मी सांगितलं सातवीत. तेवढंच सांगितलं. बाबा बरं म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर ते ओट्यापाशी वॉकर धरून उभे. दूध उतू गेलेलं, शेगडी काळी, आणि ते पातेल्याला शिव्या देत होते. मी मदतीला गेले तर म्हणाले बाहेर जा. मला वाटलं चिडले. तसं नव्हतं. मी जिन्यात बसायचं, दार लावून, आणि त्यांनी एकट्याने आत काय काय जमतं ते बघायचं. आता हे रोज चालू आहे. मी जिन्यात बसते आणि आतून भांडी पडल्याचे आवाज ऐकते. आत जावंसं वाटतं पण जात नाही. एकदा बराच वेळ काहीच आवाज आला नाही तर मी दार ढकललं. ते खुर्चीत बसून चहा पीत होते. खोटा राग आणून म्हणाले माझ्या परीक्षेत कॉपी करू नकोस.

डेपोत त्यांनी फोन केला. खिडकीवरचं काम घेतलंय, पुढच्या सोमवारपासून. मला म्हणाले की नट कुठला आणि बोल्ट कुठला हे कळणारा माणूस त्या खिडकीवर आजपर्यंत कुणी नव्हता, म्हणून घेतलं. रोज नेण्या-आणण्याला डेपोतले ड्रायव्हरकाका तयार आहेत. रात्री खालच्या मजल्यावरची नर्सताई डोकावून जाईल. मी दर रविवारी येऊन बघून जाणार.

तुला फोन करायला त्यांनी नंबर लावून मागितला तेव्हाही मी जिन्यातच जाऊन बसले, म्हणून तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही. सांगायचं असेल तर सांग, नाहीतर नको. परत आत आले तर ते उताणे पडले होते, फोन छातीवर, आणि डोळे पुसायचे राहिले होते.

मग मी विचारलं. तू सांगितलं होतंस तसं. मला हसू येतच होतं, घाबरलं की येतं मला, पण मी गाल आतून चावून धरले. म्हटलं बाबा मला शाळेत जायचंय, शाळा सोडली तेव्हा मला कंटाळा आला नव्हता. ते माझ्याकडे बघत राहिले. मी खाली मान घातली, तर म्हणाले वर बघ. मग म्हणाले की जा. आणि म्हणाले की जाताना हसू नकोस हं, मला मग कळत नाही.

रविवारी दुपारच्या गाडीने निघते. लाँड्रीत सांगून झालं. मावशीने चादरीचं तिचं टोक धरलं आणि आम्ही आणखी एक घडी घातली. खूप दमलेय आत्या, तुझ्याकडे आल्यावर पहिला दिवस नुसतं झोपू दे. मग कॉलरी उलटते.

माया आहेच, आता समोरासमोर.

तुझी
गप्पू

ता. क. आत्ता आमच्या नळाला गरम पाणी आलं! थंडच्या नळाला! आख्खी इमारत बादल्या घेऊन बाहेर आहे आणि कुणालाच काही माहीत नाही. पळते.