न लागलेली क्लिप

तुमसर
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

दामिनीताई,

तुही पोट्टी कशी आहे? झोपू देते का तुले? इकडं माय बरी आहे. बाबाही बराच आहे म्हणा. फोन नाही केला, पत्रच लिहून राहिली. फोनवर माहा आवाजच निघत नाही, तुले माहीत आहे. शाळाही त्याच्यानंच सुटली माही.

मी आता प्रितमदादाच्या स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जोडते. तुह्या सासरच्याईनं तुह्या लग्नाच्या शूटिंगले बोलावला होता न, तोच प्रितमदादा. काम चांगलं आहे, कोणाशी बोला लागत नाही. पण भेव लय लागते. मागं मी एक फोल्डर इथून उचलून तिथं ठेवला, तं अख्खं लगीन लाल झालं. कॉम्प्युटरले क्लिप सापडली नाही का तो नवरा-नवरीच्या जागी लाल पडदा दाखवते. दादा वरडला, "अपेक्षा, लोकाइची लग्नं मोडतेस का वं?" सारे हासले. मी मागं जाऊन रडली.

काल दादा म्हणे, डिस्क भरली, जुनी लग्नं आवर. एका लग्नाच्या क्लिपा धा जागी पसरल्या राहतात, त्या एका फोल्डरात जमा कराच्या. व्हिडिओत जेवढ्या लागल्या तेवढ्याच ठेवाच्या, न लागलेल्या उडवाच्या. उडालेलं मंग वापस येत नाही.

त्यात तुहं लगीन निघालं.

थांब, पहिले घरचं सांगते. तुनं मायले निरोप धाडला न, रविवारी बारशाले बाबाले आणू नको, लग्नाले आला नाही तं आता कायले येते? मायनं तसंच सांगितलं त्याले. बाबानं ताट सरकवलं अन् उठला. पोट बिघडलं म्हणे.

ताई, तुह्या लग्नाच्या दिवशीही तो हेच म्हणे. तुनं आपल्या मनानं लगीन जमवलं म्हणून आमाले एकोडीले, तुह्या सासरच्या मांडवात, येऊ दिलं नाही, अन् सोता सकाळी डबा न घेता राइसमिलवर गेला. पोरीचं लगीन लागेपर्यंत बाप उपाशी राहते, हे तवा मले सुचलंच नाही.

तो मिलवर गेलाच नव्हता.

दादानं मांडवात दुसरा कॅमेरा स्टँडवर ठेवला होता. स्टँडचा खटका ढिला. कॅमेऱ्याची मान हळूहळू फिरली, अन् सारी मंगलाष्टकं तो सयपाकाकडंच पाहत राहिला. म्हणून ती क्लिप कुठंच लागली नाही. उडवाच्या आधी मी सहज पाहिली. चुलीवरचे भाताचे गंज, वाढपी, पाण्याचा ड्रम. ड्रमाच्या मागं बाबा. अंगात मिलचाच शर्ट. मुठीत अक्षता.

'सावधान' ऐकू आलं का बाबा अक्षता फेकते. तिथून कुठं पोहोचतीन त्या तुह्यापर्यंत? भाताच्या गंजात पडतात. वाढपी म्हणते, "ओ काका, शिजलेल्या भातात कच्चे तांदूळ कायले टाकता!" बाबा त्यालेच हात जोडते. मंग मान खाली घालून निघून जाते.

लागली नाही तं उडणार. मंग तुह्या व्हिडिओच्या पार शेवटी, तुमचं नाव येते त्याच्याही मागं, मी ती क्लिप लावून देली. दादा मागंच उभा. "हे काय जोडलं? काढ." माहा आवाज निघेना. त्यानं माउस हातात घेतला अन् मी वरडली, "माहा बाबा आहे तो!"

दादानं सारं दोनदा पाहिलं. मंग म्हणे, "तो स्टँडचा खटका मीच आवळला नव्हता. कोणाले सांगू नको." अन् सोताच पेनड्राइव्ह भरून देला.

हिरालालकाकाचा तांदळाचा टेम्पो तुह्या एकोडीवरून साकोलीकडं चालला, त्याच्या हाती धाडून राहिली. बाबाले यातलं काही माहीत नाही. त्याले समजलं तं तो मले काय म्हणन? पाहून तू आणखीच रागावली तं? मले काहीच समजून नाही राहिलं.

पहिले मोबाइलात उतरवून घेजो, मंग पाहाजो. एकाच जागी राहिलं का भेव लागते मले.

पाहून झाल्यावर मले फोन नको करू. माह्यानं बोलणं होणार नाही. बाबाले कर. रविवारच्या आधी कर.

बाबाच्या फोनच्या घंटीकडं कान लावून बसलेली,
तुही
अपेक्षा