बेचाळिसावं घर

दांडी,
दि. ९ जून २०२५

ती. सुजीतदादास,
हेमांगीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र आईच्या मासळीच्या पाटीतून येतंय. कागदाला सुकटीचा वास लागला असेल तर नाक मुरडू नकोस, त्याच वासात आपण वाढलो. पोस्टाने चार दिवस लागले असते, आणि फोनवर हे बोलायला गेले तर मला रडू येईल आणि सासूबाई ऐकतील. आई रोज बोईसरच्या बाजारात जातेच. तिला वाचता येत नाही, म्हणून बिनघोर तिच्याच हाती देते आहे.

तुझी बहीण ग्रामपंचायतीची सदस्य झाली तेव्हा तू म्हणाला होतास की आता गावात माझ्या परवानगीशिवाय नळालाही पाणी येणार नाही. पाण्याचं अजून जमलेलं नाही, पण एक मोठं काम मात्र अंगावर आलंय. बायका-मुलींवर घरात हात उचलला जातो का, याची पाहणी करायचं पंचायतीने ठरवलं. प्रत्येक सदस्याने आपल्या वॉर्डातलं घरन् घर फिरायचं, बाईला एकटीला गाठून विचारायचं आणि कागदावर ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहायचं. वीस तारखेला, शुक्रवारी, सगळे कागद पाकिटात बंद होऊन पालघरला संरक्षण अधिकारी मॅडमकडे जाणार. ‘होय’ असलेल्या घरी त्या स्वतः येतील. बाईला काय हवं ते विचारतील, नवऱ्याला समज देतील, गरज पडली तर कोर्टातही उभ्या राहतील. नावं गावात फोडायची नाहीत.

माझ्या वॉर्डात बेचाळीस घरं. एक्केचाळीस घरी मी नीट विचारलं. कोणी हसण्यावारी नेलं, कोणी दार लावून घेतलं. शेजारच्या रंभाबाईंनी शेवटी पदर सारून पाठीवरचे वळ दाखवले. बेचाळिसावं घर आपलं. तिथे बाबा ओटीवर जाळं विणत बसले होते. मी चहा घेतला, आईने बळेच दोन बोंबील बांधून दिले, आणि बाहेर येऊन मी ‘नाही’ लिहिलं. तिला विचारलंच नाही.

तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. कागद अजून माझ्याजवळच आहे. तू थोरला आहेस, तूच सांग काय करू ते. वहिनीला नमस्कार. माझ्यावर रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
हेमा


बोईसर,
दि. १२ जून

चि. हेमांगीस,
अनेक आशीर्वाद.

सदस्यबाई, पत्र पोचलं. आईनेच बाजारात हातात दिलं आणि वर अर्धा किलो जवळाही दिला. पैसे घेतले नाहीत. पहिल्या पाळीवरून सुटलो होतो, खोलीवर येऊन दोनदा वाचलं.

हेमा, जे लिहिलंस ते तसंच राहू दे. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत. ज्या माणसाला सगळी दांडी जानूकाका म्हणून मान देते, त्याच्या दारात सरकारी गाडी उभी राहणार, आणि तीही त्याच्या पोरीच्या सहीने. आपल्या हाताने बापाचं नाव त्या कागदावर नको. तुला ठाऊक आहे, पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचे दोन महिनेच काय ते वाईट असतात. दर्या बंद, हाताला काम नाही, मग माणूस पितो आणि त्याचं डोकं फिरतं. ऑगस्टला होडी पाण्यात गेली की सगळं निवळतं. आईने चाळीस वर्षांत कधी तक्रार केली नाही. तिलाच जर ते नकोसं झालेलं नसेल, तर आपण का उकरून काढायचं?

हे लिहिलं खरं, पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. मी कंपनीसाठी बोईसरला आलो असं सगळ्यांना सांगतो. कंपनीची बस दांडीच्या नाक्यावरही येते. मला जून-जुलै त्या घरात काढायचे नव्हते, म्हणून मी दहा बाय बाराच्या खोलीचं भाडं भरतो. आईचा डावा कान तापात गेला असं आपण दोघंही सांगत आलो. मी त्या दिवशी घरातच होतो. पडवीत बसून राहिलो, उठलो नाही. मला माझी लाज वाटते, हेमा. पण त्या लाजेपायी म्हातारपणी बाबांची अब्रू काढायची, हे काही माझ्याच्याने होणार नाही.

मेहुलरावांना नमस्कार सांग. तब्येतीला जप. थोरल्याचं ऐकशील अशी आशा आहे.

तुझा दादा,
सुजीत


दांडी,
दि. १५ जून

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

तुझं ऐकलं. कागद तसाच ठेवला.

पण एक गोष्ट तुझ्या कानावर घालते. काल रंभाबाई भेटल्या आणि खालच्या आवाजात विचारलं की बाई कधी येणार पालघरहून. त्यांनी घरी पिशवी भरून ठेवली आहे. मी त्यांना गळ घातली होती की भिऊ नका, खरं बोला, मी आहे ना. त्या बोलल्या. आणि मी, जी लोकांना धीर देत फिरते, ती आपल्याच आईच्या घरात चहा पिऊन परत आले. त्यांच्याकडे वर मान करून बघता आलं नाही मला.

आईही हल्ली माझ्याकडे एकटक बघते. घरी गेले की हातातली पाटी खाली ठेवते, काहीतरी बोलेलसं वाटतं आणि मग बोंबलांचे भाव सांगते. शुक्रवारपर्यंत हे जड होऊन राहणार आहे. पाकीट एकदा गेलं की सुटेन, असं स्वतःला समजावते.

तुमचं सगळ्यांचं कुशल असो. आठवण ठेव.

तुझी,
हेमा


दांडी,
दि. १७ जून

सुजीतला आणि हेमाला, दोघांना एकच पत्र,
आईचा आशीर्वाद.

(मी अंगणवाडीची चारुता. येसूमावशी सांगतात तसंच, त्यांच्याच शब्दांत लिहिते आहे. याची एकेक प्रत दोघांना जाईल.)

पयली गोष्ट, तुमची तीनही पत्रं मी वाचून घेतली. चारुतानं वाचली, मी ऐकली, मग परत डिंकानं चिकटवली. दुसऱ्याचा कागद फोडू नये, मला म्हाईत हाय. पण हेमा, तू पयला पाकीट माज्या हातात दिलास तवा तुजे डोळे सुजलेले व्हते. मला वाटला, मेहुलनं तुज्यावर हात उचलला. पोरगी भावाला लिवते, आईला सांगत नाय, तर दुसरा काय असंल? एसटी सोडली आणि अंगणवाडीत आली. चारुताला इचार.

वाचून झाला तवा पयल्यांदा बरा वाटला, का तुज्या घरात तसा काय नाय. मग कळला का ता सगळा माज्याच घराचा हाय. आणि मग मी तुमाला कळू दिला नाय. बोल्ली, बघू तरी माजी पोरं काय ठरवतात. तुमचं ठरवणं मीच पाटीत घालून नेत व्हती आणि आणत व्हती.

सुजीत, तू लिवतोस का दर्या बंद असला तवाच असा व्हते. दर्या चालू असताना पण व्हते बाबा. तवा तू शाळंत असायचास. कानाचा खोटा पयला मीच सांगितला, तुमाला तोच शिकवला. ता माजा चुकला. तू पडवीत बसून राह्यलास त्याचा मनाला लावून घेऊ नको. तू उठला असतास तर त्यानं तुला मारला असता, मीच मनात बोलत व्हती का उठू नको. पण आता तू चाळिशीला आलास. आता कोणाला भितोस?

आणि मी तक्रार केली नाय बोलतोस. करायची कोणाकडं? चाळीस वर्सात मला कोणी इचारलाच नाय. सासूनं नाय, माज्या भावानं नाय. हेमा सरकारी कागद घेऊन आली, मला वाटला आज इचारेल. मी चुलीकडं उभी व्हती, चहा उकळून उकळून कडू केला, का तू आत येशील. तू आली नाय. बोंबील घेऊन गेली.

मला त्याला जेलात घालायचा नाय. घर पण सोडायचा नाय, ता माज्या सुकटीवर उभा हाय. पालघरची बाई येऊन त्याच्या समोर बसून बोलली का आता हात उचलायचा नाय, तर मला तेवढा पायजे. बाकी जलम त्या घरात निजायला भ्या वाटू नये, येवढाच.

चारुता सांगते का तुमचा नियम हाय, बाईला एकटीला गाठून इचारायचा. माज्यासाठी तो नियम मोड. सुजीत, तू गुरवारी सुटी घे आणि ये. पडवीत नको, आत बस. हेमा, तू कागद घेऊन ये. तुमचा बाप ओटीवर असंल, त्याला बी आत बोलीव. आणि मग सगळ्यांच्या समोर मला इचार.

मी सांगन.

तुमच्यावर माया हाय तशीच हाय. दोघांनी जेवून घ्या.

तुमची आई,
येसूबाई
(अंगठा)