दुधीला दाखवलेलं बोट

मंगळवार, संध्याकाळ. कोपरगाव.

टिकला एकदाचा! गच्चीवरच्या रंगाच्या बादलीतला दुधी सकाळपासून कितीदा तरी पाहून आले. देठ पक्का आहे, आणि कालच्यापेक्षा फुगलाय. की मलाच तसं वाटतंय? नाही, फुगलाय.

आधीचे सगळे करंगळीएवढे होऊन पिवळे पडले आणि गळले. घरी भाजी लावायची माझी पहिलीच वेळ, त्यात तिसगावहून सासूबाई आलेल्या. त्यांचा सगळा जन्म शेतात गेलेला. म्हणाल्या, "तू बोट दावलं आसंल. कवळ्या भोपळ्याला बोट दावलं की कुजतोच." मी शाळेत विज्ञान शिकवते. असा राग आला! पण बोटाचा काय संबंध? तिसऱ्या मजल्यावर मधमाशीच फिरकत नाही, हे मात्र माझ्याही फार उशिरा लक्षात आलं. मग गेल्या आठवड्यात दिवेलागणीला फुलं उमलल्यावर नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला हलकेच घासलं. सासूबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या.

आज मुद्दाम त्यांना वर नेलं. म्हटलं, बघू देत एकदा. वाकून बघितलं आणि खुलल्याच. "आगं, लागला की गं! लई झ्याक!" असं म्हणत त्यांनी बोट सरळ दुधीवरच रोखलं.

आणि मी, विज्ञानाच्या बाईंनी, झटक्यात त्यांचा हात धरून खाली ओढला.

"आई, बोट नका ना दाखवू!"