काजाचा दोरा

ताई,

इकडे सगळे खुशाल, असं आधी लिहायचं असतं. पण मी फार घाबरले आहे गं.

सरहद्द बंद झाल्यापासून आमच्या कारखान्यात फक्त सैन्याचे कोट शिवतात. आज तपासणीचे साहेब तुमच्या बाजूच्या एका सैनिकाचा कोट घेऊन आले. त्यांनी तो टेबलावर उलटा केला आणि शेजारी आमचा ठेवला. दोन्हींची काजं हुबेहूब! शेवटी गाठ नाही, दोरा आत परत नेऊन दाबलेला.

"हा हात त्यांचा आहे. इथे कोणी शिकवला?" साहेबांनी विचारलं.

तुझ्या सासूबाईंनी तुला शिकवलं, तू बाळंतपणाला आलीस तेव्हा मला शिकवलंस, आणि मी मोठ्या हौसेने अख्ख्या कारखान्याला. शेजारच्या काकू पुटपुटल्या, "मला मेलीला दुसरं येतंय कुठे?" पण माझं नाव कोणी घेतलं नाही.

उद्या प्रत्येकीने साहेबांसमोर काज करून दाखवायचं आहे. घरी आल्यापासून गाठ मारून बघतेय. हात ऐकतच नाही, दोरा आपला आत वळतो.

टपाल बंद आहे, आणि हा कागद सापडला तर माझी धडगत नाही. लिहून झालं की इस्त्रीच्या निखाऱ्यात टाकीन.

जाताना साहेबांनी स्वतःच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. ती काजं माझ्या हातची आहेत, ताई. तो कोट त्यांनी अजून उलटा करून पाहिलेला नाही.

तुझी,
धाकटी