मोठ्या बटणांचा कॉम्प्युटर

॥ श्री ॥

परतूर, ता. ४ ऑगस्ट २००२

चि. संपतभावजींना गिरिजावहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळे खुशाल हायेत. कपाशी गुडघ्याला लागली. पोरी शाळंत जाऊन राह्यल्या. पत्राला कारण असं, की घरात कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. ह्यांनी व्हय म्हणलं आन निवडायचं काम माझ्यावर टाकून शेतात निघून गेले. तुम्ही नाशकाला हापिसात दिवसभर त्याच्याच पुढं बसता. घरच्या रोजच्या वापराला कसला घ्यावा, ते बराबर सांगा.

सगळ्यांना सांगितलं की पोरींच्या अभ्यासाला पायजे. पोरी वापरतीलच, पण तुम्हाला खरं सांगते. मला तो मामंजींसाठी पायजे. तुमच्या बाबांचा उजवा हात थरथरून राह्यला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडं कमी होईल, पुरतं जायचं न्हाई. पाडव्यापासून तुम्हाला त्यांचं पत्र न्हाई, ते रागानं न्हाई, भावजी. एवढी वर्षं मास्तरकी केली, अख्ख्या परतुरानं अर्ज लिहून घ्यायचा तर गुरुजींकडून. आता कोणी आलं की चष्मा सापडत न्हाई म्हणतात, आन चष्मा कपाळावरच असतो. परवा मी चहा घेऊन गेले तर मामंजी आंतरदेशीयवर तुमचा पत्ता लिहून राह्यल्ते. शाई फरफटली होती. मला पाहून कागद उशीखाली सारला. मी काही बघितलंच न्हाई असं दाखवलं.

त्यांच्यापुढं यातलं काही बोलू नका. जाऊबाईंना माझी आठवण सांगा, आन आमच्यावरली माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी,
गिरिजा

॥ श्री ॥

नाशिक, ता. १२ ऑगस्ट २००२

ती. सौ. वहिनींना संपतचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून ताटावरून उठलो. बाबांना फोन केला की ते पाऊसपाणी विचारतात आणि फोन दादाकडे देतात. मला वाटलं, माझ्यावर रुसलेत. तुम्ही एका घरात राहून, एक शब्द न बोलता हे सगळं हेरलंत. वहिनी, तुमच्यापुढं हात जोडले.

आता कॉम्प्युटरचं. जुना माल गळ्यात बांधून घेऊ नका. सगळ्यांत नवा, वेगाचा घ्या, म्हणजे पुढची पाच-सहा वर्षं बघायला नको. हल्ली चपटे, नाजूक कीबोर्ड निघालेत, काळेभोर, फार देखणे. तसलाच मागा. जालन्यात दुकानदार फसवतील असं वाटलं तर मी इथून पाठवतो. जांब समर्थच्या लेकीला दात बघून गाय पारखता येते हे मान्य, पण ह्याला दात नसतात, वहिनी!

रागावू नका. तुमच्या हातच्या धपाट्यांवर माझा हक्क अजून आहे, असं समजतो.

आपला,
संपत

॥ श्री ॥

परतूर, ता. २२ सप्टेंबर २००२

चि. संपतभावजींना अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमचा सल्ला डोक्यावर ठेवला आन ऐकला मात्र न्हाई. ह्याला दात नसले तरी बटणं असतात, मी तीच पारखली. आम्ही दोघं जुन्या जालन्यात गेल्तो. दर दुकानात मी कीबोर्ड पुढं ओढायची, माझा हात मुद्दाम थरथरवायची आन बटणं दाबून बघायची. तुमच्या त्या देखण्या कीबोर्डावर एका ‘क’चे पाच ‘क’ उमटले. दुकानदार हसून राह्यले. हे तर लाजून बाहेर जाऊन उभे राह्यले.

कापडलाइनीतल्या दुकानाचे सिराजोद्दीनभाई मात्र हसले न्हाईत. त्यांनी इचारलं, भाभी, घरात कोणाचा हात असा आहे. मी सांगितलं. त्यांच्या अब्बांचाही तसाच होता म्हणाले. मंग त्यांनीच मोठ्या बटणांचा, जडसा कीबोर्ड काढला, त्यावर ठळक मराठी अक्षरं चिकटवली. एकच बटण चुकून दोनदा-तीनदा दाबलं गेलं तरी मशिनीनं एकदाच मानावं, अशी सोय कॉम्प्युटरात असती, ती चालू करून दिली. पडदा मोठा घेतला, संगं कागद छापायला प्रिंटर घेतला. वेग कमी का असंना, आपल्याला कुठं पळायचंय!

घरी आल्यावर मामंजींनी दोन दिवस कौतुकानं बघितलं. तिसऱ्या दिवशी ती मोठी अक्षरं त्यांच्या ध्यानात आली. मला बोलावून म्हणाले, सूनबाई, मी लुळा झालो असं गावाला दाखवायचं आहे का? तवापासून माझ्याशी बोलणं बंद. ह्यांनी मशीन परत द्यायची गोष्ट काढली. मी चुलीपाशी बसून रडले, पण परत द्यायला बिलकुल तयार झाले न्हाई.

गेल्या सोमवारी शेजारच्या साळूबाई आल्त्या. त्यांच्या नातीला नर्सिंगला जायचंय, अर्ज दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता. मामंजी म्हणाले, चष्मा सापडत न्हाई. साळूबाईंनी कपाळावरला चष्मा खाली ओढून त्यांच्या नाकावर बसवला, आन म्हणाल्या, गुरुजी, तुमच्या शब्दांशिवाय माझ्या पोरीचा अर्ज जायचा न्हाई. मामंजी लई वेळ हाताकडं बघत राह्यले. मंग उठले आन मशीनपुढं जाऊन बसले.

मी सैपाकघरातून हालले न्हाई. एक बटण वाजायचं, मंग शांत, मंग दुसरं. मधेच लाइट गेली, लाइट गेल्यावर मशीन थोडा वेळ चालवणारा बॅटरीचा डबा कोकलायला लागला, आन मामंजींनी जोरात हाक मारली, सूनबाई, हे पुसून जाईल का गं! इतक्या दिवसांनी पहिला शब्द, भावजी. मी पिठाच्या हातानंच पळाले आन अर्ज जतन करून दिला. पानभर अर्ज होता, एक काना इकडचा तिकडं न्हाई. काल साळूबाई पेढे घेऊन आल्त्या. पोरीचं नाव लागलं.

माझ्याशी आता रोज भांडतात, म्हणजे सगळं ठीक आहे. तुमची माणसं म्हणून आमची याद ठेवा.

तुमची वहिनी,
गिरिजा

॥ श्री ॥

परतूर, ता. २ ऑक्टोबर २००२

चि. संपत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र छापील दिसते म्हणून कोणाकडून लिहवून घेतले असे समजू नकोस. अक्षरन् अक्षर मी स्वतः दाबले आहे. कालपासून बसलो होतो. तुझी आई असती तर म्हणाली असती, एवढ्या वेळात नाशिकला जाऊन आला असतात.

तुला पत्र नाही याचे कारण तुला कळले असेलच. सूनबाई मला सांगत नाही, पण ती तुला सर्व कळवते हे मी जाणतो. तिने माझ्यासाठी जालन्याच्या बाजारात लोकांचे हसू सोसले, हे तुझ्या दादाने, कारभारीने, मला सांगितले. मी तिच्यावर रागावलो होतो. आयुष्यभर पुष्कळ हुशार विद्यार्थी पाहिले, पण दुसऱ्याची अडचण त्याला न दुखावता ओळखणारे फार थोडे. मी हे तिला तोंडावर म्हणू शकत नाही, म्हणून तुला लिहितो. पत्र टाकायला तिच्याच हाती देणार आहे. पाकीट उघडे ठेवले आहे.

उद्या दोघेजण अर्जासाठी येणार आहेत, तेव्हा थांबतो. मुलांना घेऊन दिवाळीला ये आणि म्हाताऱ्यावर जीव असू दे.

खाली सही मात्र पेनानेच करतो. वाचता आली नाही तरी ती तुझ्या बापाचीच आहे.

भुजंग