पाच पंखे कागदावर

प्रिय बातमीदार,

हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस. माझा फोन चौकशी समितीकडे जमा आहे, तोही सीलबंद पाकिटात, जसा काही त्यात बॉम्बच सापडणार आहे. सापडेल काय, तर आपल्या तिघांच्या ग्रुपवरची आठ वर्षांची बडबड. संपादकाच्या नावाने तू मोडलेली बोटं, नर्सबाईचे वॉर्डातले किस्से आणि माझ्या वीज उपकेंद्रातल्या रटाळ पाळ्या. वाचू देत खुशाल. आपला नियमही कळेल त्यांना, की दुसऱ्याचं आलेलं पुढे ढकलायचं नाही, आज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच चार ओळींत लिहायचं आणि बाकी दोघांनी त्याची चिरफाड करायची.

त्या मंगळवारच्या माझ्या चार ओळी तुला पाठ असतील. ‘मोठ्या ट्रान्सफॉर्मरला ताप आहे. त्याला गार ठेवायला आठ पंखे दिलेत. तीन फिरतात. पाच कागदावर फिरतात.’ तू वीजटंचाईच्या बातम्यांत गळ्यापर्यंत बुडालेला, लगेच विचारलंस की हे खरं का. खोटं लिहायला मी काय तुझ्या पेपरात आहे, असं मी फणकाऱ्याने म्हटलं. मग नर्सबाईने विचारलं, की तिच्या हॉस्पिटलची वीज याच ट्रान्सफॉर्मरवरून येते का. मी हो म्हटलं. त्यानंतर त्या दिवशी कुणी चेष्टा केली नाही, आणि संध्याकाळी मीच तुला म्हटलं, छाप, फक्त माझं नाव नको.

तू नाव गाळलंस, पद गाळलंस, सगळं सांभाळलंस, आणि शीर्षक मात्र माझं वाक्य जसंच्या तसं! ते बदलायला जीव होईना, असं तू नंतर नर्सबाईला सांगितलंस म्हणे. अरे शहाण्या, आमचे साहेब बारा वर्षं माझं लॉगबुक वाचतायत. तिथेही मी अशीच लिहिते. ओळखायला त्यांना एक मिनिटसुद्धा लागलं नाही. दोन दिवस तुझ्या नावाने खडे फोडले मी. पण खरं सांगू? ते शीर्षक पाहिलं तेव्हा घाबरायच्या आधी हुरळलेच होते.

साहेबांनी बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवला. आठही पंखे चालू आहेत, मित्रांशी गप्पा मारताना मी गमतीत म्हटलं होतं, असा मजकूर. सही केली की विषय संपला. मी म्हटलं, पंख्यांची नोंद लॉगबुकात एकोणीस वेळा आहे आणि प्रत्येक नोंदीखाली तुमची सही आहे. तर म्हणाले, “लॉगबुक कोण वाचतं?” माणूस दुष्ट नाही, वरून आलेला कागद खाली सरकवणारा आहे. घरात कमावणारी मी एकटी, म्हणून मी पेनाचं टोपण काढलंही. तेवढ्यात खिडकीबाहेर नजर गेली. दोन कामगार त्याच ट्रान्सफॉर्मरवर नळीने पाणी मारत होते. आठ पंखे चालू असताना! मी टोपण लावलं आणि चहा संपवून उठले.

आईला सांगायची धास्ती होती. तिने एवढंच विचारलं, की ते पंखे फिरत नाहीत ना? नाही म्हटलं. “मग सही कशाला करायची?” म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. तेव्हापासून मला झोप चांगली लागते.

काल नर्सबाई येऊन गेली, आणि तू तिला जे सांगू नकोस म्हणाला होतास ते तिने सांगितलं. तुझी दिलगिरी लिहून तयार आहे. माहिती ऐकीव होती, खातरजमा केली नव्हती, वगैरे. रविवारी ती छापलीस की सोमवारी माझी चौकशी गुंडाळतो, असं साहेबांनी तुला कळवलंय. माझ्यासाठी तू तुझी अब्रू द्यायला निघालास, ते ऐकून डोळे भरले माझे, नाही कशाला म्हणू? पण ऐक. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं ऐकीव नव्हतं. ते ऐकीव ठरलं, तर पाच पंखे बंदच राहतील, आणि नर्सबाईच्या वॉर्डात मशीनवर श्वास घेणाऱ्यांना कुणाची दिलगिरी पुरणार आहे? तो कागद फाड. हे पत्र आज तिच्याच हाती पाठवतेय. रविवारी त्याच जागी माझं नाव छाप, आडनावासकट, हुद्द्यासकट. मी सोमवारी चौकशीला जाणारच आहे, तर नाव लपवून कशाला जाऊ?

तुझीच,
फ्यूज